पक्षकारांच्या मागणीवरून

सोमवारी सकाळी सुईणबाई आल्या तेव्हा मी झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्याशी फोनवर भांडत होते. खरं तर भांडण माझं जिंकून झालं होतं, उगाच पुढे ओढत होते. त्या दारात उभ्या राहिल्या, मी बोटाने खुर्ची दाखवली, पण त्या बसल्या नाहीत. आमच्याकडे येणारी माणसं बसतात. कागद भाषांतराला द्यायचा, आठ दिवसांनी शिक्का मारलेला घेऊन जायचा, एवढंच काम असतं. उभा राहतो तो तक्रार घेऊन आलेला असतो, हे बावीस वर्षांत मला कळलेलं आहे.

फोन ठेवला आणि म्हणाले, "बोला."

"तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडून एक कागद करून घेतला होता. इटालियनचा इंग्रजीत. त्यात काहीतरी चुकलंय."

माझ्या नाकावर माशी बसत नाही, हे खालच्या चष्मेवाल्यापासून आमच्या अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. "आमच्याकडे चुकत नाही," मी म्हणाले. "तारीखबिरीख असेल तर दाखवा, बघते."

त्यांनी पिशवीतून एक पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. नर्स आणि सुईणींची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेचं पत्र. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या अर्जात 'तुम्ही कधी कोणत्याही न्यायालयात गुन्हा कबूल केला आहे काय?' या प्रश्नासमोर आपण 'नाही' लिहिलं आहे. आपणच जोडलेल्या न्यायालयीन आदेशाच्या भाषांतरात मात्र आपण गुन्हा कबूल केल्याचं स्पष्ट नमूद आहे. सबब आपण परिषदेशी खोटं बोललात असं सकृद्दर्शनी दिसतं. आपलं काम तूर्त थांबवण्यात येत आहे. आपलं नाव नोंदवहीतून कायमचं काढावं की काय, याची सुनावणी शुक्रवारी अकरा वाजता.

"पाच आठवडे घरी बसलेय," त्या म्हणाल्या. "नाव निघालं तर परत कुठेच घेणार नाहीत. मी दुसरं काही शिकलेले नाही."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्या तिकडे इटलीत एका प्रसूतिगृहात होत्या. औषधांच्या कपाटाच्या नोंदवहीत एक पान कुणीतरी मागाहून खोटं भरलं. त्या दिवशी कामावर चौघीजणी, चौघींवर आरोप. वकील म्हणाला, खटला लढलात तर सहा-सात वर्षं इथून हलता येणार नाही. मागणी करून छोटी शिक्षा घ्या, ती स्थगित होईल, आणि जा. नवरा आधीच इकडे आलेला, पोरगी दोन वर्षांची. त्यांनी सही केली. पान त्यांनी भरलं नव्हतं. हे त्या तेव्हाही सांगत होत्या आणि आताही सांगत होत्या. मला तेही जरा जास्तच वाटलं, कारण प्रत्येक आरोपी हेच सांगतो.

"तुमच्या कागदावर जे होतं तेच आम्ही लिहिलं असणार," मी म्हणाले.

"मग वाचून बघू या का?"

इथे आमची पद्धत सांगायला हवी. हे ऑफिस माझ्या मावशीने सुरू केलं. दोन खोल्या, एक कपाट, आणि एक लाकडी खण, त्यात अकराशे कार्डं. एकेका कार्डावर एकेक कायद्याचा शब्द, खाली त्याचा ठरलेला इंग्रजी शब्द. मावशीचा नियम असा की शब्द एकदा ठरला की ठरला. आज एक आणि उद्या दुसरा लिहिला तर कोर्टात दोन्ही कागद मार खातात. दुसरी पद्धत ऐकवणीची. शिक्का मारण्याआधी एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने भाषांतरावर बोट ठेवून ऐकायचं, मग दोघींनी सह्या करायच्या. ऐकवणीत सुटलेली ओळ सापडते, चुकलेली तारीख सापडते. बावीस वर्षं मावशी वाचायची आणि मी ऐकायचे, किंवा उलट. गिऱ्हाइकाला कधी वाचायला बसवलेलं नव्हतं. पण त्या दिवशी ऑफिसात मी एकटीच होते, मावशी दोन वर्षांपूर्वीच घरी बसलेली, ऐकवणी आता रात्री घरी व्हायची. आणि बाई हलायला तयार नव्हत्या.

त्या अखेर बसल्या आणि मूळ कागद वाचू लागल्या. इटालियन त्यांचं माझ्यापेक्षा वेगळं, प्रसूतिगृहात शिकलेलं, भराभर आणि जरा दमलेलं. मी बोट चालवत होते. नाव, जन्मतारीख, कलम, सगळं जुळलं. तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी वाचलं: पक्षकारांच्या मागणीवरून शिक्षा लागू करण्यात येत आहे. माझं बोट ज्यावर होतं ते इंग्रजी शब्द होते 'गिल्टी प्ली', गुन्ह्याची कबुली.

त्या थांबल्या. "यात कबूल कुठे आहे?"

मी कागद माझ्याकडे ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं. मूळ कागदात कबूल कुठेच नव्हतं. मावशीने हेच वाक्य माझ्यापुढे किती वेळा वाचलं असेल, पण ती पहिला शब्द उच्चारायच्या आत माझ्या डोक्यात कार्ड निघायचं आणि मला इंग्रजीच ऐकू यायचं. वाचणारीलाही ते कार्ड पाठ आणि ऐकणारीलाही पाठ. दोघींनी एकच चूक पाठ केली असेल तर कोण कुणाला पकडणार? त्या बाईंना आमचं कार्ड माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी कागदावर होतं ते वाचलं आणि मी पहिल्यांदा ते ऐकलं.

तिकडच्या कायद्यात ही एक सोय आहे. लोक तिला पात्तेज्जामेंतो म्हणतात. खटला पुरता न चालवता आरोपी आणि सरकारी वकील मिळून न्यायाधीशाला म्हणतात, एवढी शिक्षा लावा. शिक्षा थोडी कमी होते आणि प्रकरण मिटतं. 'मी केलं' असं आरोपीला म्हणावं लागत नाही. इकडे तसली तडजोड करायची तर आधी उभं राहून 'गिल्टी' म्हणावं लागतं. हा फरक मला माहीत नव्हता असं नाही. विचारलं असतं तर मी कुणालाही सांगितला असता, उदाहरणासकट. पण कार्ड होतं ना, मग विचार कोण करतो.

"शुक्रवारपर्यंत मी दुरुस्त करून देते," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण त्यातली ऐट गेली होती.

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसू शकले नाही. चहा टाकला आणि विसरले, भांडं करपलं. संगणकात तो शब्द शोधला. छत्तीस कागद. छत्तीस माणसांना आम्ही शिक्का मारून, शपथेवर, गुन्हा कबूल करायला लावलं होतं. मी संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा मोजले. छत्तीसच.

मंगळवार शब्द शोधण्यात गेला. 'प्ली बार्गेन' लिहावं तर त्यातही कबुलीचा वास येतो. 'ठरवून घेतलेली शिक्षा' लिहावं तर वाटतं न्यायाधीशाला विकत घेतलं. नुसता इटालियन शब्द ठेवला तर परिषदेचा कारकून म्हणणार, भाषांतराचे पैसे कशाचे घेता? दुपारपर्यंत टेबलावर चौदा चिठ्ठ्या झाल्या होत्या. मी खिडकीपाशी जायचे, परत यायचे, एक चिठ्ठी फाडायचे आणि तोच शब्द दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचे. शेवटी कागदावर जे होतं तेच लिहिलं, लांबलचक आणि बेढब: पक्षकारांच्या मागणीवरून शिक्षा लागू करणे. खाली टीप, की यात गुन्ह्याची कबुली अंतर्भूत नाही. वाचायला दगडासारखं होतं, पण खरं होतं.

आता दुसरी सही हवी होती. त्या कागदावर तीन वर्षांपूर्वी ऐकणारी म्हणून मावशीची सही होती, आणि शिक्काही तिच्याच नावाचा.

मावशी आणि मी एकत्रच राहतो. माझं लग्न झालं नाही, तिचं टिकलं नाही, आणि दोघींचा स्वभाव बघता यात कुणाला आश्चर्य वाटलेलं नाही. बुधवारी दुपारी ती पलंगावर पाय पसरून शब्दकोडं सोडवत होती. मी कागद पुढे केला. तिने चष्मा खाली सरकवून वाचला.

"हे काय वाक्य आहे? वाचता वाचता माणूस म्हातारा होईल."

"मुळात तेच आहे."

"मुळात काय आहे ते मला नको शिकवू. ते कार्ड मी केलंय. तेव्हा इकडचे कारकून असली शेपटं लावलेली वाक्यं लाल शाई मारून परत पाठवायचे. ज्याच्या घरी माणूस बसवायचा, त्याच्या घरात जी खुर्ची आहे तीच द्यावी लागते; इकडच्या कायद्यात जो शब्द, तोच."

"मावशी, त्या खुर्चीपायी एका बाईची नोकरी जातेय."

तिने पेन उचललं. शब्दकोड्यात दोन अक्षरं भरली. मग म्हणाली, "चुकलं असं लिहायचं नाही. 'सुधारित आवृत्ती' असं लिही, आजची तारीख टाक, मी सही करते. परिषदेला काय हवा तो कागद मिळेल. आपलाही शिक्का राहील. साप मरावा आणि काठीही मोडू नये."

"आणि जुना कागद?"

"जुना जुना आहे. त्याबद्दल कशाला बोलायचं? शहाणे, एकदा चुकलं म्हणून लिहून दिलंस की उद्या शिक्का काढून घेतील. चाळीस वर्षांचा शिक्का आहे तो. आणि तुला दुसरं काही येतं का?"

हे मात्र लागलं. सुईणबाईंनी परवा तेच सांगितलं होतं, स्वतःबद्दल.

मी भांडायला हवं होतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण मावशीच्या बोलण्याने मला आतून सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. तिने सही केली, मी 'सुधारित आवृत्ती' असं वर टंकलं, शिक्का मारला, आणि संध्याकाळी सुईणबाईंच्या घरी नेऊन दिला. त्यांची पोरगी, आता तेरा वर्षांची, दार उघडून म्हणाली, "आई, भाषांतरवाल्या आल्यात." सुईणबाईंनी कागद वाचला, घडी घातली. "चहा घेता?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

उतरता उतरताच मला ते आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, सोमवारपासून मी ते आठवू देत नव्हते. तीन वर्षांपूर्वी कागद घेताना याच बाईंनी इंग्रजीवर बोट ठेवून विचारलं होतं, "मॅडम, यात मी गुन्हा कबूल केला असं येतं का? मी केला नव्हता." तेव्हा त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. खाली टॅक्सी थांबलेली होती, मला कोर्टात जायचं होतं. मी म्हणाले होते, "शब्द आमचे तपासलेले असतात, बाई. कायद्यातलं तुम्हाला नाही कळायचं." त्यावर त्यांनी पोचपावतीवर सही केली आणि आभार मानले.

त्या रात्री झोप लागली नाही. मावशी पलीकडे घोरत होती, तिचा मला भयंकर राग आला, आणि राग येतोय याचं बरंही वाटलं. दुसऱ्यावर रागावलं की स्वतःकडे बघावं लागत नाही.

गुरुवारी दुपारी सुईणबाईंचा फोन आला. आवाज एकदम सपाट होता. परिषदेच्या कारकुनाने कागद परत केला होता. एकाच ऑफिसचे, एकाच शिक्क्याचे, शपथेवरचे दोन कागद, आणि दोघांत दोन गोष्टी. पहिला चूक आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. मग समितीने कुठला धरायचा? समिती आधीचाच धरणार, असं तो म्हणाला. "मला तर वाटतं, उलट वाईट झालं," त्या म्हणाल्या. "आता त्यांना वाटणार मीच तुमच्याकडून हवं तसं लिहून घेतलं."

"उद्या मी येते," मी म्हणाले.

घरी येऊन मावशीला सांगितलं. मी चूक झाली असं लिहून देणार आहे, तू सही करशील का? तिने शब्दकोड्याचं मासिक बाजूला ठेवलं. चष्मा काढून त्यावर ठेवला. मग म्हणाली, "माझ्या कानांनी चाळीस वर्षांत चूक ऐकली नाही." मी म्हणाले, "तेच तर." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि जेवायला उठली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घरात सुंभही अजून शाबूत आहे.

शुक्रवारी मी पावणेदहालाच जाऊन पोचले. परिषदेची इमारत तीन मजली, जिन्यात फिनेलचा वास, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. सुईणबाई कामाला जातानाचे कपडे घालून आल्या होत्या, पांढरे बूटसुद्धा. दुपारची पाळी मिळाली तर इथूनच जाता येईल, म्हणाल्या. मी त्या बुटांकडे बघू शकले नाही. चार वेळा पाणी प्यायले. मनात वाक्यं जुळवली: कार्ड चूक होतं, ऐकवणीत सापडलं नाही, छत्तीस कागद आहेत, आणि या बाईंनी मला तेव्हाच विचारलं होतं. शेवटचं वाक्य मी सात-आठ वेळा मनात म्हटलं.

समितीत तिघं होते. मधे अध्यक्षबाई, जुन्या मोठ्या नर्स, केस करडे. उजवीकडे वकील, डावीकडे डॉक्टर. कोपऱ्यात कारकून सगळं लिहून घेत होता. वकिलांनी मला सरळ विचारलं, "बाई, तुमचे दोन कागद आहेत. दोन्ही शपथेवर. खरा कुठला?"

"दुसरा."

"पहिला?"

"चूक आहे," मी म्हणाले. कारकुनाचं पेन चालू लागलं. मी सांगितलं, की आमच्या ऑफिसात एक ठरलेला शब्द होता, तो चुकीचा ठरलेला होता. एक वाचते, दुसरी ऐकते, पण दोघींना तोच पाठ होता म्हणून कधी पकडला गेला नाही. मूळ कागदात कबुली नाही. या बाईंनी अर्जात 'नाही' लिहिलं ते खरं लिहिलं, त्यांना खोटं ठरवलं ते आमच्या शब्दाने. आणखी पस्तीस कागदांवर तो आहे, ही यादी. मी यादी टेबलावर ठेवली.

"याचा तुमच्या परवान्यावर परिणाम होईल, कल्पना आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आहे."

अध्यक्षबाईंनी दोघांकडे पाहिलं. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. बारा मिनिटं लागली. परत बोलावलं आणि निर्णय वाचून दाखवला: खोटं बोलल्याचा ठपका रद्द, नोंदणी आजपासून पूर्ववत. भाषांतराच्या ऑफिसबद्दल परवाना खात्याला कळवण्यात येईल, तोवर शिक्का वापरू नये.

बाहेर आलो. सुईणबाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मी जवळ उभी राहिले. खरं सांगते, मला हलकं हलकं वाटत होतं, आणि मी त्या काहीतरी म्हणतील याची वाट बघत होते. मी परवाना पणाला लावला होता.

त्यांनी डोळे उघडले. "मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी. तुम्हाला आठवत नसेल."

"आठवतं."

"आठवतं?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. "मग आत का नाही सांगितलंत?"

मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

"ऑफिसचं चुकलं, कार्डाचं चुकलं, दोघींच्या कानांचं चुकलं. सगळं सांगितलंत. शिक्षासुद्धा घेतलीत. पण तुम्ही काय केलंत ते नाही सांगितलंत." आवाजात राग नव्हता, त्या थकलेल्या होत्या. "मी तिकडे सही केली तेव्हा मी खरंच काही केलं नव्हतं, बाई." त्यांनी घड्याळ पाहिलं, पिशवी खांद्याला लावली. एकची पाळी होती. पांढरे बूट जिन्यावरून खाली गेले.

मी परत आत गेले. दार न ठोठावताच. वकील बॅग भरत होते, डॉक्टर निघून गेले होते.

"अजून एक सांगायचं राहिलं," मी म्हणाले.

"निर्णय झाला आहे, बाई," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता त्याची गरज नाही."

मी तरी सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, बोट ठेवून विचारलं होतं. मी कागदाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. कायद्यातलं तुम्हाला नाही कळायचं, असं म्हणाले होते. कार्डाचा यात संबंध नाही, मावशीचा नाही, ते मी केलं. उभ्याने, एका दमात, सगळं.

अध्यक्षबाईंनी मान हलवली, कशाला ते मला कळलं नाही. मी कारकुनाकडे पाहिलं. त्याने पेनाला टोपण लावलं होतं आणि तो वही कपाटात ठेवत होता.